लेकरांना घेऊन बडोद्याला: दोन मुक्कामांचा बेत कसा आखावा

सुट्ट्या लागल्या की बडोद्यातल्या मराठी घरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मुंबईहून भाऊ-वहिनी येतात, नाशिकहून मावसबहीण, पुण्याहून नवऱ्याचे मित्र, आणि प्रत्येकाबरोबर दोन-दोन लेकरं. फोनमध्ये ठिकाणांची लांबलचक यादी असते: राजवाडा, म्युझियम, सूरसागर, आजवा, पावागढ, शिवाय सरदारांचा पुतळा. हे सगळं दोन दिवसांत बसवायचं असतं. मोठ्यांची यादी पुरी होते, मुलांना मात्र गाडीची मागची सीट तेवढी आठवते.

बडोदा असं पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. हे शहर मुलांसाठी फार सोयीचं आहे. महत्त्वाची ठिकाणं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या रिक्षाच्या अंतरावर आहेत, त्यामुळे दुपारी खोलीवर परतणं सहज जमतं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच हिशेब सांगते: सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक ठिकाण, दुपार झोपेची. पहिल्यांदा येणाऱ्यांनी बेत कसा आखावा, ते क्रमाने सांगते.

आधी तारीख ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत चांगला काळ. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी ऊन सुखाचं असतं. मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हाच यायचं असेल तर सकाळी साडेदहानंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी मुलांना उघड्यावर नेऊ नका. पावसाळ्यात शहर हिरवंगार दिसतं, पण विश्वामित्री नदी शहराच्या मधोमध वाहते आणि तिला पूर येतो. २०१९ आणि २०२४ साली अर्धं शहर पाण्यात होतं. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या पाहा आणि तिकीट रद्द करायची तयारी ठेवा.

दोन सणांचा वेगळा विचार करावा लागतो. नवरात्रात इथला गरबा पाहण्यासारखा असतो, पण तो रात्री रंगतो. हॉटेलं भरलेली असतात आणि रस्ते मध्यरात्रीपर्यंत वाहत असतात. सात-आठ वर्षांच्या वरची, जागरण झेपणारी मुलं असतील तर जरूर या. तान्हं बाळ असेल तर दुसरी तारीख बघा. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण असतं आणि सगळं शहर गच्चीवर असतं. ओळखीच्यांची गच्ची असेल तर मुलांसाठी याहून मोठी मजा नाही. त्या दोन दिवसांत मुलाला दुचाकीवर पुढे बसवून मात्र फिरू नका. मांजा रस्त्यावर आडवा आलेला दिसत नाही आणि तो गळा कापतो.

वारही बघून घ्या. लक्ष्मी विलास राजवाडा सोमवारी बंद असतो. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी टाकणाऱ्यांनी राजवाडा रविवारी सकाळीच उरकावा. म्युझियम, प्राणिसंग्रहालय आणि तारांगण यांचे सुट्टीचे वार वेगवेगळे असतात. हॉटेलवर पोचलात की पहिलं काम म्हणून तिथल्या माणसाकडून ते विचारून घ्या आणि मगच खालचा क्रम पक्का करा. दोन ठिकाणांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही.

गाडी

मुंबईहून रेल्वेसारखं सुख नाही. पहाटे सहाच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या वंदे भारत किंवा शताब्दीने बसलं की जेवणाच्या आत बडोदा येतं. रस्त्याने साधारण चारशे किलोमीटर आहे. महामार्ग मोठा असला तरी वसई-विरारच्या पट्ट्यात आणि सुरत-भरूचच्या आसपास अवजड वाहनांची कोंडी कधी लागेल सांगता येत नाही, आणि गाडीत अडकलेलं चार वर्षांचं मूल कुणाचंच ऐकत नाही. पुण्याहून येणाऱ्यांनी अहमदाबादकडे जाणारी रात्रीची गाडी धरावी, म्हणजे प्रवास मुलांच्या झोपेत निघून जातो. खानदेशातून नंदुरबार-सुरत मार्गे येता येतं. इंदूर-उज्जैनकडून येणाऱ्यांनी तिकिटावरचं स्टेशन नीट वाचावं. त्या बाजूच्या काही गाड्या मुख्य वडोदरा जंक्शनला न येता शहराच्या कडेच्या छायापुरी स्टेशनवर थांबतात. रात्री झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन हे कळण्यात अर्थ नाही.

आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. मी तर सांगेन, बर्थ घ्याच.

भरूचच्या अलीकडे गाडी नर्मदेवरून जाते. पात्र प्रचंड रुंद आहे. जवळच लोखंडी कमानींचा जुना गोल्डन ब्रिज दिसतो, तो १८८१ सालचा. अंकलेश्वर गेलं की मुलांना खिडकीशी बसवा.

आणि गाडीतच त्यांना एक गोष्ट सांगून टाका. पुढचे सगळे दिवस ती उपयोगी पडते.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या काशीराव गायकवाडांना तीन मुलगे होते: आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. बडोद्याच्या गादीला वारस नव्हता. महाराणी जमनाबाईंना दत्तक मुलगा निवडायचा होता. काशीराव मुलांना घेऊन बडोद्याला आले. तिथे प्रत्येक मुलाला विचारलं गेलं, तू इथे कशासाठी आलास? गोपाळ म्हणाला, राज्य करायला. अशी आठवण आजही सांगतात. १८७५ साली तो दत्तक गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. लिहिणं-वाचणं तो बडोद्यात आल्यावर नीट शिकला. तोच पुढे महाराजा सयाजीराव झाला. १९०६ साली त्यांनी आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

आपल्या मुलांच्याच वयाचा, खेडेगावातून आलेला मुलगा, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे दिसणारी बाग, म्युझियम, राजवाडा, ग्रंथालय सगळं ‘गोपाळने बांधलं’ या एका धाग्यात येतं. मुलं स्वतःच विचारायला लागतात, हेही त्याचंच का?

मुक्काम कुठे

स्टेशनच्या एका अंगाला सयाजीगंज आणि दुसऱ्या अंगाला अलकापुरी. पहिल्यांदा येणाऱ्यांनी या दोहोंपैकी एकाच भागात राहावं. सयाजीगंजहून कमाटीबाग चालत जाता येते. अलकापुरीत दुकानं आणि मुलांना मानवतील अशी जेवणाची ठिकाणं जास्त आहेत. महामार्गालगतची हॉटेलं स्वस्तात मोठी खोली देतात, पण मग दुपारी खोलीवर परतणं होत नाही आणि सगळा बेतच कोसळतो. खोली घेताना लवकर ताबा मिळेल का, दूध गरम करून मिळेल का आणि लिफ्ट आहे का, या तीन गोष्टी फोनवर विचारा.

शहरात फिरायला रिक्षा उत्तम. फोनवरून बोलावलेली रिक्षा घेतली की भाड्याची घासाघीस वाचते.

पहिली संध्याकाळ: कमाटीबाग

पोचल्या दिवशी जेवण आणि झोप. साडेचार-पाचला बागेत जा. पाटीवर सयाजीबाग असं लिहिलेलं असेल, पण रिक्षावाल्याला कमाटीबाग म्हणा. बाहेर काळा घोडा चौक आहे. तिथला घोड्यावर बसलेला पुतळा सयाजीरावांचा, मुलांनी गोपाळला इथे पहिल्यांदा भेटावं.

१८७९ साली महाराजांनी ही बाग लोकांसाठी खुली केली. शंभर एकरांहून मोठी आहे आणि मधून विश्वामित्री वाहते. झाडं इतकी जुनी आणि विशाल आहेत की नोव्हेंबरच्या संध्याकाळी आत शिरलं की बाहेरच्या वाहनांचा आवाज मागे पडतो. पहिल्या दिवशी इथे काहीच ‘पाहायचं’ नाही. मुलांना पळू द्या. प्रवासाचा शीण त्यांच्या अंगातून असाच निघतो. फुलांच्या घड्याळाचे काटे खरोखर वेळ दाखवतात का, हे त्यांना तुमच्या घड्याळाशी ताडून बघू द्या. त्याची यंत्रं जमिनीखाली असतात. मुलांची छोटी रेल्वे चालू असेल तर जरूर बसवा. चढता-उतरताना मात्र मुलाचा हात सोडू नका आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कुणालाही हलू देऊ नका.

प्राणिसंग्रहालय बागेतच आहे. ते संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून ते त्याच दिवशी उरकायची घाई करू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी म्युझियमबरोबर ते जमतं.

आता मगरींविषयी, कारण याची उत्सुकता सगळ्यांनाच असते. विश्वामित्रीत खरोखर मगरी आहेत, शहराच्या ऐन वस्तीतून वाहणाऱ्या पाण्यात, आणि त्या शेकड्यांनी आहेत. हिवाळ्यात सकाळी उन्हं वर आली की त्या काठावर येऊन पडतात आणि पुलावरून दिसतात. तोंड उघडं टाकून पडलेली मगर चिडलेली नसते. अंग तापू नये म्हणून ती तोंड उघडं ठेवते. मुलांना हे सांगितलं की ती तासभर पुलावरून हलत नाहीत. नियम दोनच: पुलाच्या कठड्यावर मुलाला बसवायचं नाही, आणि नदीकाठी उतरायचं नाही. पाणी कितीही उथळ दिसो, काठ कितीही मोकळा दिसो. बडोद्यातली मुलं हे लहानपणापासून पाळतात. पाहुण्यांना ते माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर याच परिसरातल्या संकल्पभूमीवर त्यांना न्या. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला जाता आलं. १९१७ च्या सप्टेंबरात ते संस्थानाच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा कुणी दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. या बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी आपल्या समाजासाठी आयुष्य वेचायचा निश्चय केला. राजाने शिकायला पैसे दिले आणि त्याच राजाच्या शहराने छप्पर नाकारलं, हे दोन्ही मुलांना एकत्रच सांगायला हवं. मुलं अवघड प्रश्न विचारतील. ते टाळू नका.

दुसरी सकाळ: लक्ष्मी विलास

राजवाड्याला सकाळी दार उघडताच पोचा. न्याहारी भरपेट करून जा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. बाबागाडी हॉटेलवर ठेवा. आत पायऱ्या आहेत, लहान बाळाला कडेवर किंवा झोळीत घेतलेलं बरं. आत फोटो काढू देत नाहीत, हे मुलांना आणि आजोबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहारेकऱ्याशी हुज्जत होत नाही.

हा वाडा १८९० साली पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, काम पूर्ण केलं रॉबर्ट चिझम यांनी. घुमट, कमानी, मनोरे, जाळ्या, छत्र्या सगळं एकाच इमारतीत आहे. बाहेर हिरवळीवर उभं राहून मुलांना नुसते घुमट मोजायला सांगा, दोघांचा आकडा कधीच जुळत नाही. राजघराणं आजही इथेच राहतं. आपण पाहतो तो वाड्याचा एक भाग असतो.

तिकिटाबरोबर कानाला लावायचं ऑडिओ गाइड यंत्र मिळतं. भाषा कोणती हवी ते खिडकीवरच सांगा. सहा वर्षांखालच्या मुलांना ते पाच मिनिटांत कंटाळवाणं होतं, म्हणून एकाने ऐकावं आणि मुलांना आपल्या शब्दांत सांगावं. कुठे रेंगाळायचं? शस्त्रांच्या दालनात, कारण तिथून मुलं हलतच नाहीत. आणि दरबार हॉलमध्ये. इटालियन कारागिरीची मोझेकची जमीन आणि रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. ऊन काचेतून आलं की रंग जमिनीवर पडतात. खाली वाकून पाहायला सांगा, अख्खी जमीन बारीक-बारीक तुकड्यांची आहे. बाकीची दालनं भराभर पाहिली तरी चालतील. एकूण सव्वा ते दीड तास खूप झाला.

त्याच आवारात महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे, त्याचं तिकीट वेगळं. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, आणि ती मुलं वाड्यातून शाळेत यायची ती आमराईतून फिरणाऱ्या छोट्या आगगाडीत बसून! ते इंजिन म्युझियमच्या दाराशी ठेवलेलं आहे. आधी इंजिन दाखवा, मग आत जा. आत राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत. सयाजीरावांनी त्यांना बडोद्याला बोलावून घेतलं होतं. आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींशी या चित्रकाराचं नातं आहे. आजी बरोबर असेल तर मुलांना हे तिलाच सांगू द्या. मुलं थकली असतील तर निवडक चार-पाच चित्रं पाहून बाहेर पडा, त्यात कमीपणा काही नाही.

क्रिकेटवेडं मूल असेल तर आवारालगतच्या मोतीबाग मैदानाकडे एक नजर टाकून या. विजय हजारे बडोद्याकडून खेळले, आणि इरफान-यूसुफ पठाण हे भाऊ याच शहरातले.

बाराच्या आत बाहेर या.

दुपार

जेवा, पडदे ओढा, झोपा. चार वाजेपर्यंत कुठेही जाऊ नका. हा वेळ वाया गेला असं मोठ्यांना वाटतं, पण संध्याकाळ चांगली जायची असेल तर ती इथेच कमावावी लागते.

दुसरी संध्याकाळ: जुनं शहर

रिक्षाने सूरसागरला उतरा. तळ्याच्या मधोमध महादेवाची शंभर फुटांहून उंच मूर्ती आहे, दिवे लागले की ती पाण्यात दिसते. समोरच न्यायमंदिराची देखणी इमारत, जिथे अगदी अलीकडेपर्यंत कोर्ट भरत असे. तिथून लहरीपुरा दरवाज्यातून आत गेलं की मंगळबाजार लागतो. गर्दी दाट असते. लहान मुलाला कडेवर घ्या, मोठ्याचा हात धरा, आणि प्रत्येकाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हरवल्यास कुठे थांबायचं तेही ठरवा: मांडवी. पुढे नाकासमोर चालत गेलं की तीच येते. चारी बाजूंनी कमानी असलेली ही चौकोनी इमारत, तिच्यापासून चार दिशांना चार रस्ते जातात आणि प्रत्येकाच्या टोकाला शहराचा एकेक दरवाजा: लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट आणि गेंडीगेट. मुलांना कागदावर अधिकचं चिन्ह काढून दाखवा, जुन्या बडोद्याचा नकाशा तयार.

मांडवीच्या जवळच सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, त्याचं हे मध्यवर्ती केंद्र. पुस्तकांच्या मांडण्या मजल्यावर मजले अशा आहेत आणि त्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. दिव्यांची सोय बेताची असलेल्या काळात केवढा विचार केला होता! सुट्टीच्या दिवशी दार बंद मिळू शकतं. उघडं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांची नम्रपणे परवानगी मागा. वाचनाची गोडी असलेलं मूल हे विसरणार नाही.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा सकाळच्या उजेडात पाहावा, संध्याकाळी नाही. विठ्ठल खंडेराव तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या लाकडी वाड्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: कृष्णलीला, महाभारत, लढाया, आणि मधेच टोपीवाले साहेब. पुरातत्त्व खातं त्याची देखभाल करतं. जिने अरुंद आणि खडे आहेत, तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन वर जाऊ नये.

रावपुरा आणि दांडिया बाजार हा आमचा जुना मराठी भाग. इथे दुकानात सरळ मराठीत बोला. काका म्हणून हाक मारलीत तर उत्तर बहुधा मराठीतच येईल. इतरत्र हिंदी चालतं. मुलांच्या ताटासाठी गुजराती एवढं पाठ करून ठेवा: ‘तीखुं ओछुं करजो’. तिखट कमी होऊन येतं.

खाणं

सेव उसळ ही बडोद्याची ओळख. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेव, कांदा, लिंबू, बरोबर पाव आणि झणझणीत तरी. मुलांसाठी तरी वेगळ्या वाटीत मागा. नुसती उसळ त्यांना मानवते, तुम्ही तुमच्या हिमतीप्रमाणे तरी ओता. सकाळी फाफडा-जिलेबी घ्या, मुलांना जिलेबी आणि तुम्हाला पपईचा संभार, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस. लीलो चिवडा हा बटाटा आणि हरभऱ्याच्या डाळीचा ओलसर, आंबट-गोड प्रकार. पहिल्या घासाला वेगळा वाटतो, मग हात थांबत नाही. बडोद्याची भाकरवडी आणि रावपुऱ्यातल्या दुलीरामचे पेढे घरी न्यायला. थंडीत आलात तर पोंक मिळतो, म्हणजे आपला हुरडा, आणि उंधियूही. गुजराती थाळीत वरण गोड असतं, त्यामुळे लहान मुलं उलट नीट जेवतात. रात्री खिचडी-कढी मागा, इथे ती कुठेही चांगलीच मिळते.

रस्त्यावरचं पाणी आणि बर्फ टाळा. सरबत हवंच असेल तर बर्फाशिवाय.

तिसरी सकाळ: म्युझियम

पुन्हा कमाटीबाग, पण आता म्युझियमसाठी. बडोदा म्युझियम १८९४ सालचं आहे. एवढ्या वस्तूंत मोठी माणसंही हरवतात, म्हणून मुलांना दोनच गोष्टी शोधायला पाठवा: देवमासा आणि ममी. निळ्या देवमाशाचा सांगाडा सुमारे सत्तर फुटांचा आहे. समुद्रातला हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखात येऊन अडकला होता. सांगाड्याच्या एका टोकाला एका मुलाला उभं करा, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याला, आणि मध्ये किती पावलं होतात ते मोजा. ममी इजिप्तची, खरीखुरी आहे. लहान मुलं घाबरू शकतात. आत नेण्याआधी बाहेरच सांगा की ते मेलेल्या माणसाचं जपलेलं शरीर आहे. घाबरणाऱ्याला आग्रह करू नका.

मोठ्या मुलांना अकोट्याच्या कांस्यमूर्ती दाखवा. अकोटा हा बडोद्याचाच भाग. तिथे सापडलेल्या या जैन मूर्तींतल्या सगळ्यांत जुन्या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत. मग प्राणिसंग्रहालय, तेही सगळं नाही. पक्षी पाहा, नदीवरचा पूल ओलांडा, मगरी पाहा आणि परता.

वेळ उरला तर जवळचं कीर्तिमंदिर. १९३६ सालची ही वास्तू सयाजीरावांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ बांधली. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. शांत जागा आहे, मुलं दमलेली असताना बरी वाटते. स्टेशनकडे जाताना विद्यापीठाच्या कला शाखेचा मोठा घुमट दिसतो. तो चिझम यांनीच विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधला. त्यासाठी रिक्षातून उतरायची गरज नाही.

पावागढ, आजवा आणि मोठा पुतळा

हे तीन प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

तिसरा मुक्काम असेल तरच पावागढ. पन्नासेक किलोमीटरवर आहे. माचीपर्यंत वाहन जातं, तिथून रोपवे. रोपवेतून उतरल्यावरही देवीच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पायथ्याचं चांपानेर मुलांना गडाहून जास्त आवडतं. २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेलं हे सुलतानी शहर आता रिकामं पसरलेलं आहे. जामा मशिदीची कोरीव दगडी कामं, मोकळं आवार, पळायला जागा. चैत्र आणि आश्विन नवरात्रात मुलं घेऊन तिकडे फिरकूच नका.

आजव्याचं तळं सयाजीरावांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलं गेलं. तिथली बाग आणि खेळांचं उद्यान यांत अख्खा दिवस जातो. घसरगुंड्या आणि पाळणे तुमच्या गावातही असतील, देवमासा नसेल. त्यामुळे पहिल्या खेपेला मी आजवा सुचवत नाही.

स्टॅच्यू ऑफ युनिटी नव्वदेक किलोमीटरवर. १८२ मीटर उंच पुतळा पाहण्यासारखाच आहे, पण जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो आणि उन्हात रांगा लागतात. तिथे जंगल सफारी आणि मुलांसाठी वेगळं उद्यानही आहे. म्हणून त्यासाठी कधीतरी पुतळ्याजवळच्या एकतानगरला एक रात्र राहायचा वेगळा बेत करा. तेही सोमवारी बंद असतं.

पिशवीत काय

टोप्या, प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पाकिटं, तापाचं औषध तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेसह, डासांचं मलम, एक जादा कपड्यांचा जोड. मुलांच्या आधार कार्डाची प्रत. रात्री-अपरात्री काही झालंच तर १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. मोठं सरकारी सयाजी रुग्णालय शहराच्या मध्यातच आहे. खासगी बालरोगतज्ज्ञ अलकापुरीत पुष्कळ. हॉटेलच्या माणसाकडून जवळच्या एकाचा पत्ता पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

परतीच्या दिवशी खोली सोडण्याआधीच सामान बांधा आणि म्युझियमला जाताना ते हॉटेलच्या काउंटरवर ठेवा. लीलो चिवडा ओलसर असल्यामुळे साध्या चिवड्याइतका टिकत नाही. किती दिवसांचा आहे ते दुकानात विचारा आणि निघायच्या दिवशीच घ्या. भाकरवडी आदल्या दिवशी घेतली तरी चालते. गाडीत खायला थेपले आणि छुंदा बांधून घ्या. ते थंड झाले तरी चांगले लागतात, सांडत नाहीत, आणि मुलं स्वतःच्या हाताने खातात.